कामाचं दुखणं

धाराशिव
ता. १९ एप्रिल २०२५, शनिवार

गोरोबा,

जुनाच आजार म्हणं! माझ्या पोराच्या किडनीला आधीपासून खोट होती आन अक्कानं ती लपवून ठेवली, असं तू यरमाळ्याच्या जत्रेत चार सोयऱ्यांपुढं बोललास. बोलताना हातात पेढ्याचं ताट होतं, ते बी कळलं मला. तिघीजणींनी तीन दिवशी येऊन तेच सांगितलं. तीन तोंडं एकच बोलायला लागली की ती चुगली ऱ्हात न्हाई.

तू फोन उचलत न्हाईस. आधी वाजायचा तरी. आता लावला की एक बाई बोलती, तिचं मला कळत न्हाई आन माझं ती ऐकून घेत न्हाई. म्हणून हा कागद घेतला. तिसरीतनं माझी शाळा सुटली ती तुला कडेवर घ्यायला, आई सुगीला जायची म्हणून. तवा अक्षर वाकडं आलं तर त्यात तुझा बी वाटा हाय. वाच तसंच.

मल्हार चोवीस वर्षांचा. पुण्याला मोबाइलच्या दुकानात दोन वर्षं उभा राहून काम केलं, एक सुट्टी आजारपणाची घेतली न्हाई. गेल्या दिवाळीला तुझ्या हिरीतली मोटर वर कुणी वढली? तू काठावर उभा राहून म्हणालास, भाचा हाय का बैल. तवा कुठं गेला होता जुना आजार?

पाडव्याला तू माझ्या वसरीवर बसून तोंडानं बोललास, "अक्का, करिश्मा तुझ्याच घरात देतो. पण जावई आधी माझ्या भट्टीवर उभा ऱ्हाऊन दाखवू दे. पुण्याचं गार वारं खाल्लेलं हाड हाय, दूध आटवंल का न्हाई, बघतो." तू हसलास, मी हसले, मल्हार बी हसला. दुकानाची नोकरी सोडून आला पोरगा. चार एप्रिलला, शुक्रवारी, तुझ्या कढईवर उभा राहिला. आठ एप्रिलला, मंगळवारी दुपारी, त्याच कढईपुढं आडवा झाला. मधी तीन दिवस. तीन दिवसांत जुना आजार होतो व्हय रे?

आन मला निरोप काय धाडलास? चक्कर आलीय, ताक पाजलंय, पडू द्या जरा. तुझ्या भट्टीवरच्या बंडप्पानं त्याला दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनांच्या मधी झोपवून इथवर आणलं म्हणून जिता हाय. तू जत्रेचे पेढे वळत होतास.

आज अकरा दिवस झाले. लघवी बंद हाय. अंग असं सुजलंय की हातातलं कडं कापून काढावं लागलं. एक दिवसाआड मशिनीवर घेतात, चार चार तास, मानेतनं नळी घालून. दवाखान्यातली माणसं चांगली हायत, त्यांचं काय म्हणणं न्हाई माझं. म्हणणं तुझ्याशी हाय.

ज्या चार माणसांपुढं बोललास त्यांच्यापुढंच जाऊन सांग, की पोरगा धडधाकट होता, माझ्या भट्टीवर मोडला. लई मोठं काम न्हाई. तोंडच उघडायचंय.

बानू


धाराशिव
ता. २७ एप्रिल, रविवार

गोरोबा,

धुरपदा येऊन गेली. मोसंबी आणली होती. मोसंबी त्याला चालत न्हाई, किडनी बंद असली की फळ इख होतं म्हणं. ते आता वॉर्डातल्या दुसऱ्याच पोरानं खाल्लं. जाताना तुझी बायको दाराशी उभी राहून म्हणती, "वन्सं, तुमचं पत्र त्यांनी फोडलं न्हाई. देव्हाऱ्यामागं ठेवलंय." म्या म्हणलं, देवाला तरी वाचायला येतं का बघ.

हे फोडशील न फोडशील, मी लिहिणार. इथं दुसरं काम काय हाय मला? खाटंखाली बसायचं आन मशिनीचा आवाज ऐकायचा.

काल डॉक्टरीण बाईनं मला बसवून समजावलं. पोरीसारखीच हाय, करिश्मापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी असंल. मला आधी वाटलं कसला तरी विषाणू असंल, कायतरी चावलं असंल. ती म्हणाली, "मावशी, काही चावलं नाही. उष्णतेत झेपणार नाही एवढं काम अंगावर घेतलं की आतलं मांस फुटतं. हाडावरचं मांस, मांडीचं, दंडाचं, पाठीचं. फुटलेल्या मांसाचा गाळ रक्तात उतरतो, आणि रक्त गाळणारी किडनी तुंबते." म्या विचारलं, दूध गाळायच्या फडक्यात साका बसला की खाली थेंब पडत न्हाई, तसं? ती म्हणाली, अगदी तसं. रक्तात त्या गाळाचं एक माप असतं. चांगल्या माणसाचं दोनशेच्या आत. मल्हारचं पहिल्या दिवशी नव्वद हजार होतं.

मग विचारायला लागली. किती तास उभा होता? पाणी किती वेळा प्यायला? कामाची सवय होती का? दुखण्याच्या गोळ्या घेतल्या का? म्या म्हणलं मला ठावं न्हाई, मी तिथं नव्हते. तर तिनं बंडप्पाला बोलावून घेतलं, तो त्या दिवशी आलाच होता बघायला. तुझा बंडप्पा वीस वर्षं दूध आटवतोय, खोटं बोलायचा न्हाई. तो काय बोलला ते तुला बी ऐकवावं म्हणून लिहिते.

तो म्हणाला, "बाई, आमच्यात नव्या माणसाला पहिलं आठ दिवस दोनच कढया देत्यात, त्या बी उन्हं चढायच्या आत. अंगाला विस्तव कळू द्यावा लागतो. मी मालकाला म्हणलो व्हतो. मालक म्हणाले, ह्यो नवा माणूस न्हाय, जावई हाय. जत्रा तोंडावर व्हती. पहिल्या दिवशी सहा कढया, दुसऱ्या दिवशी आठ."

आठ कढया! पत्र्याच्या शेडात, वर एप्रिलचं ऊन, पुढं लाकडाचा जाळ. दूध घट व्हायला लागलं की उलथनं थांबवायचं न्हाई, थांबलं की बूड लागतं आन खवा जळका वास मारतो, हे मला तू सांगायची गरज न्हाई, आपल्या बापाची भट्टी होती. पण बापाच्या कढईला दोन माणसं असायची. एक दमला की दुसरा. तू एक कमी केलास.

आन वर गडी चिडवायचे त्याला. जावईबापू पंखा आणू का? जावईबापूंना पुण्यात एशी व्हता. जावईबापू, मामानं पोरगी देतो म्हणलंय, अजून दिली न्हाय. सगळे हसायचे. तू बी हसायचास. अशात कुठला पोरगा बसतो म्हणंल? होणाऱ्या सासऱ्यापुढं?

पाणी मागितलं त्यानं. बंडप्पानं सांगितलं हे, मल्हारनं न्हाई. तू म्हणालास, घामेजल्या अंगानं पाणी पिऊ नये, गरमसर्द होतं, घाम जिरू दे. डॉक्टरीण ऐकून डोक्याला हात लावून बसली. गोरोबा, भट्टीपुढं घाम कवा जिरतो रे? विस्तव इझल्यावर. तुझा विस्तव पहाटं पेटायचा तो दिवस मावळताना इझायचा.

शनिवारी त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले तवा तू दुकानातनं दोन दुखायच्या गोळ्या आणून दिल्यास. परत मंगळवारी सकाळी दोन. त्या गोळ्या असल्या येळी किडनीवर घाव घालतात म्हणं. तुला ठाऊक नव्हतं, ते मी धरते. मला बी ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसताना दिल्यास तर ठाऊक नसताना जुना आजार तरी कशाला म्हणालास?

सोमवारी कोण गेलं, कुणी धाडलं, त्यात आपण जायचं न्हाई. ते झालं.

उत्तर दे.

बानू


धाराशिव
ता. ११ मे, रविवार

बंडप्पाच्या तोंडून निरोप आला तुझा. महिन्याभरात एवढंच बोललास: "अक्काला विचार, सोमवारी त्याला कामावर कुणी पाठवलं?"

लई अकलेचं बोललास असं वाटलं असंल तुला.

हे बघ गोरोबा, भट्टी तुझी, कढया तुझ्या, जाळ तुझा, जत्रा तुझी. मी तेरखेड्यात फटाक्याच्या कारखान्यात कागदाच्या नळ्या वळणारी बाई. तुझे दाजी गेल्यापासून नळ्या वळून पोराला बारावी केलं. माझ्याकडं बोट दाखवतोस? सकाळी गाडी चालू होईना झाली, त्याला मी काय करू? पोराला कामाला जायचं होतं, तो गेला.

जाऊ दे. मला त्यावर लिहायचं न्हाई.

इथलं सांगते. सोमवार, बुधवार, शनिवार मशिन. आमच्या खोलीत चौघंजण असतात. एक लोहाऱ्याचा कोंडीराम म्हणून हाय, रस्त्याच्या कामावर डांबर पसरायचा. दुपारी अडीचला पडला. त्याचा मुकादम म्हणाला, दारू प्यायला असंल. त्याची बायको माझ्याजवळ येऊन हळूच म्हणती, "मावशी, त्यांनी जल्मात दारू घेतली न्हाई, पण आता सगळ्या गावात दारुड्या झाले." म्या म्हणलं, बाई, तुझ्या नवऱ्याला दारू मिळाली, माझ्या पोराला जुना आजार. कामाचं नाव मात्र कुणाच्याच दुखण्याला लागलं न्हाई.

मल्हारला दिवसाला अर्धा लिटर पाणी. औषधाच्या गोळीबरोबर घेतो तो घोट बी त्यातच धरायचा. उन्हाळ्याचे दिवस, ओठ फुटलेत, जीभ चिकटती. बर्फाचा एक खडा तोंडात ठेवतो आन डोळे मिटून घेतो. तुझ्याकडं पाणी मिळालं न्हाई आन इथं मोजून मिळतंय. मी माझं पाणी बाहेर जाऊन पिते. त्याच्यापुढं घोट उतरत न्हाई.

मांड्या बघ त्याच्या येऊन. हिरीवर दोर वढणारा पोरगा, आता मोरीपर्यंत जायला माझा खांदा धरतो. आन खांदा धरताना तोंड फिरवून घेतो. माझ्याशी बोलत न्हाई तो. नर्सशी बोलतो, कोंडीरामशी बोलतो, बंडप्पाशी हसतो सुदिक. मला नुसतं 'हं'.

का, ते तू विचारू नको.

बानू


धाराशिव
ता. २६ मे, सोमवार

गोरोबा,

लघवी झाली.

तुला हे लिहिताना लाज वाटायला पायजे पण वाटत न्हाई. गेल्या सोमवारी पहिल्यांदा वाटीभर. पिवळीधमक. म्या ती बाटली उजेडाला धरून बघितली, शेजारची बाई म्हणती, काय मावशी, मध हाय का? मधापरीस भारी हाय म्हणलं. मग रोज मोजायची, रोज वाढायची. शुक्रवारी दीड लिटर. परवाच्या शनिवारी मशिनीवर घेतलं न्हाई. मानेतली नळी काढली. डॉक्टरीण बाईनं पाठीवर थाप मारली त्याच्या. म्हणाली, नशीबवान आहेस, सगळ्यांची चालू होत नाही परत.

कोंडीरामची झाली न्हाई. तो अजून खोलीतच हाय.

मग तिनं मला बाजूला घेतलं आन बोटांवर मोजून सांगितलं. किडनी चालू झाली पण कोवळी हाय. सहा महिने उन्हात काम न्हाई, जाळापुढं तर न्हाईच न्हाई, जड उचलायचं न्हाई, दुखायची गोळी तोंडात घालायची न्हाई. पाणी भरपूर. एकदा फुटलेलं मांस दुसऱ्यांदा लवकर फुटतं. "मावशी, दुसऱ्यांदा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही," असं म्हणाली.

हे तुला कशाला सांगते? तू मामा हाईस म्हणून. कितीबी झालं तरी पोराच्या बारशाला पाळण्याची पहिली दोरी तू वढली होतीस.

करिश्माचा फोन आला होता त्याला. मी भांडी घासत होते, मला काय ऐकू आलं न्हाई. फोन ठेवल्यावर पोराचं तोंड उजळलेलं दिसलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्या विचारलं काय म्हणती? तर म्हणाला, काय न्हाई. तुला ठावं असंल काय म्हणाली ते. मला भीती वाटायला लागलीय.

परवा आमी गावाकडं जातोय. उत्तर तेरखेड्याला पाठव.

बानू


तेरखेडा
ता. ३ जून, मंगळवार

गोरोबा,

कळलं मला. करिश्मानं त्याला काय सांगितलं ते काल त्याच्या तोंडून निघालं. पोरीचा दोष न्हाई, तिनं तुझे शब्द पोचवले. कळंबचं स्थळ आलंय. तू म्हणतोस, रोगट माणसाला पोरगी देता येत न्हाई. मल्हार सोमवारपासून पंधरा दिवस कढईवर उभा राहिला तर साखरपुडा, न्हाईतर कळंब.

आन हा तयार हाय. सोमवारी, नऊ तारखेला, सकाळी निघणार म्हणतो. खुंटीवरचा टावेल धुऊन ठेवलाय. पाऊस पडून गेल्यावर उकाडा कसा झालाय, तुला ठावंच हाय, बसल्या जागी अंगाला धार लागती. तुझ्या पत्र्याखाली आता कसं असंल? शिजून निघंल.

म्या त्याला म्हणलं, जायचं न्हाई. डॉक्टरीण काय बोलली, ऐकलं न्हाईस?

त्यानं माझ्याकडं बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं. आन म्हणाला, "आई, तूच म्हणतीस ना, कामाचं दुखणं कामानंच जातं."

गोरोबा, आता लिहिते. सोमवारी त्याला म्या धाडलं.

तुला माहीत होतंच. पण तुला अर्धंच माहीत हाय. सगळं ऐक.

रामनवमीचा रविवार होता. संध्याकाळी घरी आला तो गाडीवरनं उतरून भिंत धरून उभा राहिला. उंबरा चढायला पाय उचलंना, दोन्ही हातांनी मांडी धरून पाय आत ठेवला. जेवायला बसला तर घास तोंडाशी जाईना, दंड वर होत नव्हता. म्या भरवलं. हसून भरवलं, म्हणलं, नवरदेवाला आईच्या हातचं शेवटचं खाऊ दे. मग तेल कोमट करून पाय रगडले. वरडला तो. म्या म्हणलं गप, रगडल्याबिगर मोकळं होत न्हाई. मांड्या दगडासारख्या लागत होत्या हाताला. माझ्या हाताला कळलं होतं की हे काय नेहमीचं न्हाई. हाताला कळलं, मला न्हाई कळलं.

सोमवारी सकाळी मोरीत गेले तर कोरा चहा सांडल्यासारखं दिसलं. काळपट लाल. दोन तांबे पाणी वतलं त्यावर आन म्हणलं, उन्हाळी लागली पोराला. धनेजिरे भिजवून पाजले. उन्हाळी! आपली आई बी तेच करायची, तिची आई बी.

तो बाजंवर बसून म्हणाला, "आई, आजचा दिस ऱ्हाऊ दे. मामाला फोन कर."

म्या केला न्हाई. मी म्हणाले, कामाचं दुखणं कामानंच जातं. म्हणाले, आठ दिवसांच्या आत घरी बसलास तर मामा काय म्हणंल, बायकी हाय म्हणंल. पोरगी हातची जाईल. मला ती पोरगी पायजे होती, गोरोबा. करिश्मा घरात आली असती तर माझं माहेर घरात आलं असतं. तू वर्षातनं एकदा भाऊबीजेला येतोस ते महिन्यातनं एकदा आला असतास. एवढंच होतं माझ्या मनात. खोटं न्हाई बोलत.

टावेल म्या टाकला त्याच्या खांद्यावर. भाईर गाडीला किक मारायला गेला तर पायात जोर न्हाई. दोनदा मारली, तिसऱ्यांदा पाय घसरला. माझ्याकडं बघितलं त्यानं. त्यानं बघितलं तवा तरी म्या म्हणायला पायजे होतं, ऱ्हाऊ दे.

किक म्या मारली. लुगडं वर खोचून. गाडी चालू झाली आन मी म्हणाले, बघ, झाली का न्हाई?

दुसऱ्या दिवशी तो पडला.

डॉक्टरीण बाईला हे म्या सांगितलं न्हाई. पहिल्याच दिवशी तिनं लघवीचा रंग विचारला होता. मी म्हणाले, बघितला न्हाई. आज सकाळी गावातल्या मेडिकलमधनं फोन लावून तिला सगळं सांगितलं. ती रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मावशी, त्या दिवशी आणला असता तर कदाचित मशीन लागलं नसतं.

हे ऐकून तू मोकळा होऊ नको. तू पाणी दिलं न्हाईस, मी दोन तांबे वतले. दोघांनी मिळून मोडलाय त्याला. आता त्यातलं कुणाचं किती, ते देव बघंल, मला त्यात पडायचं न्हाई.

पहिल्या पत्रात म्या लिहिलं होतं, चार माणसांत जाऊन सांग की पोरगा धडधाकट होता. ते मी सोडलं. ऐकतोस ना? सोडलं. उलटं सांग. म्हण की जुनाच आजार हाय. म्हण की अक्कानं फसवलं, खोट लपवली, म्हण की पोरगा उभा ऱ्हायच्या लायकीचा न्हाई. यरमाळ्यात म्हण, तेरला म्हण, हितं येऊन माझ्या दारात उभा राहून म्हण. मी मान खाली घालून ऐकंन. तोंडातनं ब्र काढणार न्हाई. पोरगी कळंबला द्यायची तर दे, मी अक्षता टाकायला बी येईन. आन त्याला उभं केल्याबिगर देणार असशील तर तुझे उपकार. काहीबी कर. पण भट्टीवर घेऊ नको.

मी सांगून तो थांबायचा न्हाई. माझ्या शब्दानंच गेला होता तो, आता माझ्या शब्दानं मागं फिरंल कसा? त्यानं तोंडावर फेकला की माझा शब्द माझ्याच. तुझ्या शब्दानं थांबंल. मामाच्या भट्टीवर मामानंच नको म्हणलं तर जाईल कुठं?

तवा दोन ओळी लिहायच्या तू, त्याच्या नावानं, तुझ्या हातानं. दहावी झालायस, माझ्यासारखी बोटं आखडायची न्हाईत तुझी. लिही, मल्हार, माझ्या भट्टीवर तुला जागा न्हाई, येऊ नको. खाली सही. गोड लिहू नको, गोड लिहिलंस तर तो म्हणंल मामा काळजीनं म्हणतोय, आन हट्टानं येईल. तोडून लिही. पोरगा रडंल. रडू दे, त्याच्या डोळ्यातनं पाणी आलेलं मला चालंल.

हे पत्र टपालानं पाठवत न्हाई. बंडप्पाच्या हाती देते, आन त्याला सांगितलंय की मालकापुढं उभं ऱ्हायचं, फोडेपर्यंत हलायचं न्हाई. उत्तर बी त्याच्याच हाती दे.

रविवारी, आठ तारखेला, दिवे लागायच्या आत तुझी चिठ्ठी माझ्या हातात पायजे. न्हाई आली तर सोमवारी तो उठायच्या आधी, पहिल्या गाडीनं मी यरमाळ्याला येते. बापाच्या भट्टीवर दूध आटवलंय म्या, तू पाळण्यात होतास तवा. त्याच्या कढईवर मी उभी ऱ्हाणार, उलथनं माझ्या हातात. पाणी मागणार न्हाई. सहा म्हण, आठ म्हण, जेवढ्या देशील तेवढ्या कढया. तो आला तरी त्याला जागा मोकळी सापडायची न्हाई.

तुझी अक्का तुझ्या जाळापुढं उभी राहिलेली तुला बघवंल का, ते आधी ठरव. आन मग लिही. रविवार.

अक्का